एकाच वर्गात चार पातळ्या: तुम्ही कसं शिकवता?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. इथे शिकवणारे बरेच जण आहेत हे वेगवेगळ्या धाग्यांवरून लक्षात आलंय. कुणी कॉलेजात, कुणी क्लासमध्ये, कुणी परदेशातल्या मराठी शाळेत. म्हणून हा धागा.

मी अकोले तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट २३, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० पटापर्यंत दोन शिक्षक असंच प्रमाण दिलेलं आहे. त्यामुळे चार इयत्ता आणि दोन शिक्षक ही आमची तात्पुरती अडचण समजू नका, डोंगराळ भागात तोच नियम आहे. आणि तरी डी.एड.ला आम्ही जे पाठ घेतले ते एका इयत्तेचे, एका घटकाचे, ३५ मिनिटांचे. शेजारच्या रांगेत दुसरी इयत्ता बसली आहे असा एकही पाठ कुणी आमच्याकडून काढून घेतला नाही.

पण इयत्ता दिसतात तरी. पातळ्या दिसत नाहीत, आणि खरा त्रास तिथे आहे. एक उदाहरण देते. तिसरीतली एक मुलगी, हजेरी उत्तम, अक्षर मोत्यासारखं. ५२ वजा ३८ चं उत्तर तिने २६ लिहिलं. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. प्रत्येक वेळी मोठ्यातून लहान काढायचं, वर काय आणि खाली काय हे बघायचंच नाही. वहीभर अशी गणितं होती आणि ज्यांत हातचा लागत नाही ती सगळी बरोबर, त्यामुळे 'थोडा सराव कमी आहे' असं कुणालाही वाटलं असतं. तिला हातच्याचा सराव देऊन काही उपयोग नव्हता. ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे हेच तिच्या हाताखालून गेलेलं नव्हतं. काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या आणि म्हटलं, यातून मला ३८ दे. तीन गठ्ठे दिले, मग दोन सुट्या दिल्या, मग थांबली. बराच वेळ गठ्ठ्याकडे बघत बसली. शेवटी स्वतःच रबर काढलं. ते रबर काढणं हा त्या दिवसाचा पाठ होता, आणि तो दुसरीचा आहे, तिसरीच्या पुस्तकात तो नाही.

आम्ही दोघांनी आता असं बसवलंय: सकाळचा पहिला तास भाषेचा आणि सकाळच्या छोट्या सुट्टीनंतरचा पहिला तास गणिताचा, या दोन तासांना इयत्ता नाहीत. भाषेत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे गट. चौथीतलं मूल शब्दगटात असेल तर असू दे. मूल पुढे सरकलं की गट बदलतो, त्यासाठी चाचणीची वाट बघत नाही. बाकीच्या वेळात इयत्ता. आणि जोड्या लावताना पहिली-दुसरी, तिसरी-चौथी अशा न लावता पहिलीबरोबर चौथी आणि दुसरीबरोबर तिसरी लावतो. पहिलीला सतत माणूस लागतो, चौथीला काम नेमून दिलं की अर्धा तास ती आपली आपण चालते. दोन लहान इयत्ता एका शिक्षकाकडे गेल्या की त्याच्याकडून धड कुठलीच होत नाही.

तुमच्याकडे काय होतं? एका वर्गात किती पातळ्या बसतात, त्या तुम्ही ओळखता कशा, आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या दबावात त्यांचं काय करता? शाळाच असं नाही, कुठलाही वर्ग चालेल.

सुपारी

वाचते आहे. शिकवत नाही, पण ५२-३८ वाचून घरी लेकीची वही काढली.

कानस

फार चांगला विषय, ताई. मी आयटीआयमध्ये निदेशक आहे, फिटर ट्रेड.

आमच्याकडे वीसच्या तुकडीत दहावीला काठावर पास झालेला मुलगा आणि बी.ए. झालेला मुलगा शेजारशेजारच्या शेगड्यांवर (काम घट्ट धरायचे व्हाइस) उभे असतात. ज्याच्या बापाचं गावात फॅब्रिकेशनचं दुकान आहे तो पहिल्या दिवसापासून कानस अशी धरतो की बघत राहावं. बी.ए. वाल्याचा हात तिरका जातो, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला की फटीतून उजेड दिसतो. आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, हातात दिला की बरोबर उलटं.

व्हर्नियरपाशी सगळी गाडी अडते ती दशांशावर. पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर दोन आकडे लिहितो, २.५ आणि २.३५, मोठा कोणता? अर्धी तुकडी २.३५ म्हणते. कारण ३५ हे पाचापेक्षा मोठे. ही दहावी पास मुलं आहेत, दशांश अपूर्णांक पाचवीपासून शिकलेली. आता यांना मी लघुतम माप ०.०२ मिमी म्हणून पाठ करायला लावलं तर ते करतील, ऑनलाइन परीक्षेत बरोबर पर्यायावर क्लिकही करतील. आणि कंपनीत गेले की जॉब रिजेक्ट होईल.

म्हणून मी आधी सगळ्यांना एकच गोल सळई आणि स्टीलची पट्टी देतो. माप घ्या, फळ्यावर लिहा. २५, २५ आणि थोडं, २६ ला कमी. मग विचारतो, थोडं म्हणजे किती? त्या 'थोडं'वर दोन दिवस जातात. मग कार्डबोर्डच्या पट्ट्या. एकीवर एकेक सेंटिमीटरच्या खुणा. दुसरीवर ९ सेंटिमीटरचे १० सारखे भाग. एक भाग ०.९, फरक ०.१. दुसरी पट्टी पहिलीवरून सरकवायची आणि कुठली रेघ कुठल्या रेघेला मिळाली ते बघायचं. हे हाताने केलं की मग खरा व्हर्नियर, ४९ मिमीचे ५० भाग, ०.९८ आणि फरक ०.०२. तेव्हा तो आकडा आकाशातून पडलेला वाटत नाही.

जोड्या मी मुद्दाम उलट्या लावतो, हात चांगला असणाऱ्याबरोबर हिशोब चांगला असणारा. दोघांनाही एकमेकांची गरज लागते, त्यामुळे कुणी मिंधा राहत नाही.

त्रिकोणमिती

मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना नीट-जेईईसाठी भौतिकशास्त्र शिकवतो. इथे जे गट वगैरे म्हणताय ते आम्ही फार आधीपासून करतो. दर चाचणीनंतर बॅच बदलते. वरच्या बॅचला अवघड प्रश्न, खालच्या बॅचला पायाभूत. मुलांना आपण कुठे आहोत ते स्पष्ट कळतं, वेळ वाया जात नाही. सरकारी शाळांत पातळी लपवण्याकडे कल असतो, सगळ्यांना एकाच पानावर बसवायचं. ते मुलाच्या हिताचं नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

ओसरी

@त्रिकोणमिती सर, पातळी लपवू नये याला पूर्ण सहमती. एक विचारते. शेवटच्या बॅचला शिकवतं कोण?

त्रिकोणमिती

रास्त प्रश्न. बऱ्याच ठिकाणी नव्याने लागलेले शिक्षक. अनुभवी माणूस वरच्या बॅचला, कारण निकाल तिथून येतो आणि जाहिरात निकालाची होते. मी स्वतः आठवड्यातले दोन तास शेवटच्या बॅचला मागून घेतले आहेत. सदिश राशींची बेरीज तिथे जितकी कसून शिकवावी लागते तितकी वरच्या बॅचला लागत नाही, आणि त्याला जास्त अनुभव लागतो, कमी नाही.

डोंगरवाट

@त्रिकोणमिती सर, तुम्ही दोन तास मागून घेतलेत हे फार मोलाचं.

फरक मला इतकाच दिसतो की आमचा गट त्या तासापुरता आणि त्या विषयापुरता असतो. भाषेत शब्दगटात असलेला मुलगा गणितात सगळ्यांच्या पुढे असू शकतो, आमच्याकडे तसा एक आहेच. दिवसाच्या शेवटी सगळे आपापल्या इयत्तेत परत. मुलाच्या अंगाला 'शेवटची बॅच' चिकटता कामा नये. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते कळतं, आणि चिकटलं की निघत नाही.

@कानस सर, कार्डबोर्डच्या पट्ट्यांचा फोटो टाकाल का? चौथीला दशांश नाही, पण मोजमापाला वापरता येईल.

सागवान

मेळघाटात, धारणी तालुक्यात आश्रमशाळेवर आहे. मूळचा सांगलीकडचा.

पातळीच्या आधी भाषा येते. पहिलीत येणारं आमचं मूल घरी फक्त कोरकू बोलतं. भिल्ली, अहिराणी या भाषा निदान मराठीच्या कुळातल्या, ऐकून ऐकून काही ओळखीचं सापडतं. कोरकू मुंडा कुळातली, संताळी-मुंडारीची नातलग. मराठीमुळे ती आपोआप कळेल या आशेवर राहू नये. मी आलो तेव्हा मला मुलांची भाषा येत नव्हती, मुलांना माझी येत नव्हती, आणि कागदावर मात्र 'मूल अक्षर ओळखत नाही' अशी नोंद व्हायची. मुलाला चित्रातली वस्तू ओळखता येत होती, तिचं नावही माहीत होतं. ते नाव आम्हाला हवं असलेलं नव्हतं एवढंच.

गप्प बसलेल्या मुलाला मठ्ठ समजण्याची घाई सगळ्यात जास्त आश्रमशाळेत होते. घरापासून लांब, वसतिगृहात, रात्री आईची आठवण, वर्गात परकी भाषा. ते मूल बोलणार कसं?

मला खरी मदत झाली ती आमच्या स्वयंपाकी बाईंची. त्या कोरकू. दुपारी भांडी उरकली की अर्धा तास वर्गात येऊन बसतात. मी गोष्ट मराठीत सांगतो, त्या कोरकूत सांगतात, मग मुलं कोरकूत सांगतात, मग आम्ही मिळून मराठीत. पहिले काही महिने लिहिणं जवळजवळ नाहीच. मुलांनी काढलेली चित्रं भिंतीवर, खाली कोरकू शब्द देवनागरीत आणि त्याखाली मराठी शब्द. मूल पहिला शब्द वाचतं तो स्वतःच्या भाषेतला. एकदा छापलेल्या खुणांतून आपला शब्द निघतो हे कळलं की मराठीचं वाचन झपाट्यानं येतं. उलट क्रमाने केलं तर मुलं चौथीपर्यंत फळ्यावरचं सुबक उतरवून काढतात आणि त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नाही.

नवीन शिक्षण धोरणात, २०२० च्या, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. पण माझ्यासारखा सांगलीचा माणूस धारणीला येतो तेव्हा त्याला कोरकू शिकवायची जबाबदारी कुणाची, हे कुठेच ठरलेलं नाही. ती मी स्वयंपाकघरात बसून शिकलो.

शेवंती

@सागवान, तुमच्या स्वयंपाकी बाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना या कामाचा काही मोबदला मिळतो का?

सागवान

नाही. त्यांचं पद स्वयंपाक्याचं. मागणी लिहून पाठवली आहे.

ठाणेकर आई

मी पालकांच्या बाजूने बोलते, चालेल ना? माझा मुलगा खासगी शाळेत पाचवीला आहे. त्याचं लवकर होतं. मग बाई त्याला दुसऱ्यांच्या वह्या बघायला, शेजारच्याला समजावायला लावतात. सुरुवातीला त्याला आवडायचं. आता म्हणतो, मला शाळेत नवीन काहीच मिळत नाही. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं आहेत, बाईंना दोष देणार नाही. पण पुढे असलेल्या मुलाचं काय? तोही एक पातळीच आहे ना?

खडूफळा

ताई, तुमचं म्हणणं योग्य आहे आणि शिक्षकांनी ते मनावर घ्यायला हवं.

मी निवृत्तीला आलेला प्राथमिक शिक्षक. गटप्रमुख नेमायची पद्धत चांगली, पण तोच मुलगा वर्षभर गटप्रमुख असेल तर ती त्याच्यावर अन्याय करते. समजावून सांगताना मूल शिकतं हे खरं, पण ते नव्याने समजलेलं असेल तर. दोन वर्षांपूर्वी आलेलं रोज रोज समजावून त्याच्या पदरात काही पडत नाही. मी गटप्रमुख घटकागणिक बदलत असे. आणि पुढे असलेल्यांसाठी वर्गाच्या कोपऱ्यात प्रश्नांची पेटी. 'गावातल्या विहिरीत किती पाणी मावेल?' असले प्रश्न. उत्तर एका दिवसात येऊ नये, घरी जाऊन माणसांना विचारावं लागावं. चौथीच्या एका जोडीने विहिरीचं माप दोरी आणि दगड घेऊन काढलं होतं, मोठी माणसं सोबत घेऊन. बाईंना सांगून बघा, पेटी पन्नासच्या वर्गातही चालते. तिला शिक्षकाचा वेळ फार लागत नाही.

आता वेळेचा विषय निघालाच आहे तर बोलतो. कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम देऊ नये असं स्वच्छ लिहिलंय. प्रत्यक्षात निवडणुकीच्या नावाखाली बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं, काम वर्षभर मागे असतं. त्यात ऑनलाइन माहिती, तीच माहिती वेगळ्या तक्त्यात, पुन्हा तीच वेगळ्या लिंकवर. पोषण आहाराचा तांदूळ मोजून घ्या, शिल्लक जुळवा, चव घेऊन नोंदवहीत सही करा. आहार हवाच, त्याच्या जोरावर कित्येक मुलं शाळेत टिकली. पण ते काम बघायला माणूस द्या. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक बैठकीला गेला की त्या दिवशी तिथे चार इयत्ता आणि एक माणूस. पातळीनुसार शिकवा असा आदेश काढणाऱ्यांनी तो दिवस डोळ्यांपुढे आणावा.

रातराणी

मुंबईत रात्रशाळेत दहावीला गणित शिकवते. साडेसहाला वर्ग भरतो. हॉटेलात काम करणारी मुलं, कुरिअरवाले, घरकाम करणाऱ्या बायका, सिक्युरिटीवाले. एका बाकावर १७ वर्षांचा मुलगा आणि चाळिशीतल्या दोन मुलांच्या आई. पहिला अर्धा तास त्यांना चहा-बिस्किटाची गरज असते, त्रिकोणाची नाही.

आमच्याकडची पातळी वेगळ्या तऱ्हेने फसवते. त्या आईंना तोंडी हिशोब विचारा. साडेसात हजार पगार, चार खाडे, किती कापले? तुमचं वाक्य संपायच्या आत उत्तर. तेच कागदावर मांडायला सांगा, पेन थांबतं. म्हणजे गणित येतं, मांडणी येत नाही. त्यांना 'कच्च्या' म्हणून पाचवीच्या बेरजा सोडवायला देणं हा त्यांचा अपमान आहे. मी उलट करते. त्यांनी तोंडी जे केलं तेच त्यांना मोठ्याने बोलायला लावते आणि मी फळ्यावर चिन्हांत लिहीत जाते. 'महिन्याचे दिवस तीस धरले, एका दिवसाचे अडीचशे, चार दिवसांचे हजार.' मग म्हणते, बघा, ही तुम्ही मांडलेली पायरी. पुढच्या वेळी खडू त्यांच्या हातात.

ज्यांना पगाराची स्लिप मिळते त्यांच्याबरोबर शेकडेवारी पीएफवरून. मूळ पगाराच्या १२ टक्के बरोबर कापलेत का ते प्रत्येक जण स्वतःचं तपासतो. शेकडेवारी इतक्या मन लावून शिकलेला वर्ग मी दिवसाच्या शाळेत बघितला नाही.

कानस

@रातराणी ताई, 'गणित येतं, मांडणी येत नाही' हे आमच्या फॅब्रिकेशनवाल्या मुलांनाही तंतोतंत लागू आहे. उद्यापासून मीही त्यांचं बोलणं फळ्यावर लिहिणार.

अबोली

गोव्यातून. सत्तरी तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळा, शिक्षक एकच, मी. पहिली ते चौथी. घरी कोंकणी बोलणारी मुलं, काही मुलांच्या घरी कन्नड, काहींच्या हिंदी. शाळेची भाषा मराठी. कोंकणी बोलणारं मूल मराठी पटकन घेतं, गावात भजनं, नाटकं मराठीतलीच ऐकलेली असतात. कन्नड घरच्या मुलांना वेळ लागतो, आणि त्यांच्या आईवडिलांना शाळेत बोलावलं तर मध्ये दुभाषी म्हणून तेच सात वर्षांचं मूल उभं राहतं.

आमची मोठी चिंता पटाची. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान सुरू झालं, तेव्हापासून मुलं तिकडे वळतात. बस दारात येते. पट घटला की शाळा विलीन करण्याची चर्चा सुरू होते, आणि ज्यांना बस परवडत नाही त्यांची शाळा लांब जाते. कमी पटाच्या शाळेत प्रत्येक मुलाची पातळी मला तोंडपाठ असते, हे त्या चर्चेत कुणी मोजत नाही.

रविवारची शाळा

न्यू जर्सी. रविवारी सकाळी भाड्याच्या खोलीत मराठी शाळा, आम्ही सगळे स्वयंसेवक पालक.

आमचा पेच असा: नवशिक्यांच्या वर्गात सात वर्षांचं मूल आणि तेरा वर्षांचा मुलगा. लिपी दोघांनाही येत नाही. 'कमळ, बदक, घर' हे सात वर्षांच्या मुलाला आवडतं. तेरा वर्षांचा मुलगा मान खाली घालतो, पुढच्या रविवारी येत नाही. रात्रशाळेबद्दल वाचताना हेच आठवलं. अक्षराची पातळी खालची असली तरी मजकूर वयाचा हवा. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम आम्ही वापरतो, पण मोठ्या मुलांसाठी वेगळे कागद करतो. आजीला पाठवायचा व्हॉट्सॲप निरोप, पुण्याच्या बसवरची पाटी, क्रिकेटचा धावफलक. आजीला निरोप गेला आणि तिचं उत्तर आलं की ते वाचण्यासाठी मुलगा जी धडपड करतो ती कुठल्याही स्वाध्यायात करत नाही.

अंकांचं मात्र आम्हाला जमलेलं नाही. ६३ ला 'त्रेसष्ट' म्हणेपर्यंत मुलं रडकुंडीला येतात.

खडूफळा

त्रेसष्टचा त्रास इथेही आहे. तोंडाने तीन आधी, कागदावर सहा आधी, त्यामुळे ३६ लिहिणारी मुलं दर वर्षी असतात. एकोणसाठमध्ये तर पन्नासही नाही आणि नऊही नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मंगला नारळीकर बाई समितीच्या प्रमुख होत्या, त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत. मी तेव्हा वर्गात 'साठ तीन' वापरून पाहिलं. मागे पडलेल्या मुलांना त्याचा आधार होतो हे नक्की. स्थानिक किंमत पक्की झाली की ती मुलं त्रेसष्टवर येतात, कारण बाजारात सगळे तेच म्हणतात. तुमच्या मुलांना 'साठ तीन' खुशाल म्हणू द्या.

ओसरी

एक माहिती जोडते. मुंबई महापालिकेच्या आणि बडोद्याच्या शाळांमध्ये 'प्रथम' संस्थेने बालसखी नावाचा उपक्रम चालवला होता. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं दिवसातला काही वेळ वस्तीतल्याच एका तरुण मुलीकडे बसायची आणि ती त्यांना त्यांच्या पातळीचं वाचन-गणित शिकवायची. त्याचा पद्धतशीर अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी केला होता, ज्यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांच्या गुणांत चांगली वाढ दिसली. डोंगरवाट ताई वस्तीवर जे करताहेत त्यामागे पक्का आधार आहे, एवढंच सांगायचं होतं.

उसाचं रान

बीड जिल्हा. धागा शांतपणे वाचत होतो, आता लिहितो.

तुमच्या सगळ्यांकडे मूल वर्षभर वर्गात आहे. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. वर्गातली निम्मी मुलं ट्रॅक्टरवर बसून जातात ती पाडव्याच्या आसपास परत येतात. हंगामी वसतिगृह आहे, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांना जेवण मिळतं, काही मुलं त्यामुळे थांबतात. पण घरात तान्हं मूल असेल तर ते सांभाळायला थोरली पोरगी न्यावीच लागते. ती दहा वर्षांची असते. तिच्या आईला दोष देऊन काय होणार, पहाटे चारला फडात उतरणाऱ्या बाईने बाळ कुणापाशी ठेवायचं?

कागदावर शिक्षण हमी पत्रक आहे. ते दाखवून जिथे कारखाना असेल तिथल्या शाळेत बसायचं. काही जण बसतात. जे कर्नाटकातल्या कारखान्यांना जातात त्यांच्या पुढ्यात कन्नड शाळा. आणि अड्डा, म्हणजे टोळीचा मुक्काम, शाळेपासून किती लांब पडेल हे कुणाच्या हातात नसतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलं गुरं घेऊन रानात जातात म्हणून कुरणातच शाळा भरवली होती. ते मला फार जवळचं वाटतं. मी माझ्या परीने इतकं करतो: निघणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर एक पिशवी. त्यात त्याच्या इयत्तेचं पुस्तक ठेवत नाही, त्याच्या पातळीच्या वाचनपट्ट्या, दोन गोष्टी, एक पाटी, खडू. टोळीतल्या ज्याच्याकडे चांगला फोन असेल त्याच्यावर संध्याकाळी गोष्ट बोलून पाठवतो. टोळीत सातवी-आठवी शिकलेला कुणी असेल तर पिशव्या त्याच्या स्वाधीन.

आणि परत आल्यावरचं सांगतो, कारण ते डोंगरवाट ताईंच्या मुद्द्याशी जुळतं. पूर्वी मूल परत यायचं तेव्हा वर्ग शेवटच्या पाठांवर असायचा. मूल चार दिवस बसायचं, काही कळायचं नाही, पाचव्या दिवसापासून घरी. आता पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर बसून वाचून घेतो, आणि ते शब्दगटात असेल तर शब्दगटात. त्या गटात गावातच राहिलेली मुलंही असतात. बुडालेले पाठ किती, हा हिशोब त्याच्यासमोर कुणी मांडत नाही. मुलं टिकायला लागली आहेत. पाचवी आणि आठवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे, ती नेमकी या मुलांच्या मुळावर येऊ नये म्हणून एप्रिल-मे आम्ही शिक्षक वाटून घेतो.

शेवंती

@उसाचं रान, पिशवीत काय काय घालता त्याची यादी द्याल? आमचा वाचकगट काही पिशव्या भरून देऊ शकेल. निरोप करते तुम्हाला.

नवी पाटी

मी नुकतीच शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षण सेवक म्हणून लागले आहे, दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. सोमवारी मोठ्या बाई प्रशिक्षणाला जाणार आहेत, पूर्ण दिवस चारही वर्ग माझ्याकडे. कुणी सांगेल का नेमकं काय करू? खूप ताण आलाय.

डोंगरवाट

@नवी पाटी, ताण घेऊ नकोस, सोमवार नीट जाईल. एकच गोष्ट घे, चौघांना वेगळं काम दे. चिमणी-कावळ्याची गोष्ट घे, सगळ्यांना येते. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं. सगळी शाळा एकत्र बसव, हावभाव करून सांग, 'थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते' मुलांकडून म्हणवून घे. वीस मिनिटं.

मग पहिलीला खडू देऊन बाहेर व्हरांड्याच्या फरशीवर: चिऊ, काऊ, घर, बाळ हे चार शब्द तू आधीच मोठे लिहून ठेव, ते गिरवायचे, त्यावर खडे मांडायचे, मग तू शब्द म्हणशील त्यावर उडी मारायची. दुसरीला गोष्टीतली वाक्यं पट्ट्यांवर लिहून दे, उलटसुलट केलेली, क्रमाने लावून वहीत उतरवायची. तिसरीला दार उघडण्याआधीचं चिऊ-काऊचं बोलणं त्यांच्या शब्दांत लिहायला सांग, अवतरणचिन्हं घालून. चौथीला कावळ्याच्या वतीने सरपंचांना अर्ज: पावसात घर वाहून गेलं, मदत मिळावी. तारीख, विषय, मायना, सगळं. त्यांना ते फार आवडतं. नेमकं काय करायचं ते चौथीसाठी फळ्यावर आधीच लिहून ठेव, म्हणजे तुला दोनदा सांगावं लागणार नाही. तू पहिलीपाशी थांब, दर दहा मिनिटांनी एकेका गटाकडे जाऊन ये. शेवटी तिसरीने संवाद म्हणून दाखवायचा आणि पहिलीने चिवचिव-काव काव करायची.

गणिताला दुकान मांड. चौथी दुकानदार आणि हिशोबनीस, तिसरी गिऱ्हाईक, दुसरी दशकाचे गठ्ठे बांधून सुटे पैसे करून देणार, पहिली माल मोजून देणार. चिंचोके, खडे, काडेपेट्या, जे असेल ते.

जी मुलं शब्दगटात अडली असतील त्यांची नावं मोठ्या बाईंकडून रविवारीच विचारून घे. आणि आहाराआधीच गणित उरक, जेवणानंतर पहिलीची मुलं पेंगतात.